पिवळ्या ओळी आणि टेस्टलिंक

आमच्या टीमकडे गेली सहा वर्षे टेस्ट केसची, म्हणजे सॉफ्टवेअर तपासताना काय करायचे आणि काय दिसायला हवे याच्या लेखी नोंदींची, एकच एक्सेल फाइल होती. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. सभासद नोंदणी, ठेवी, कर्जे, पिग्मी, लॉकर, ताळेबंद अशा प्रत्येक मॉड्यूलसाठी त्या फाइलमध्ये स्वतंत्र शीट होते. चौदा शीट आणि अडीच हजारांच्या आसपास टेस्ट केस असा हा पसारा, नावाच्या शेवटी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हीच वापरा’ अशी शेपटे लावत लावत इथवर आला होता. एकाने फाइल उघडून ठेवली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येई. म्हणून जो तो आपापली प्रत काढून काम करी आणि रिलीजच्या आदल्या रात्री त्या साऱ्या प्रती एकत्र करण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडे. हे बहुधा माझ्याच गळ्यात पडत असल्यामुळे, टेस्ट केस एखाद्या टेस्ट मॅनेजमेंट टूलमध्ये हलवावेत असे सुचवणाराही मीच होतो आणि अर्थातच ते काम मलाच मिळाले.

टूल म्हणून टेस्टलिंक निवडले. ते मुक्तस्रोत आहे, त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पीएचपी आणि मायएसक्यूएल एवढ्यावर आपल्याच सर्व्हरवर ते चालते, आणि टेस्ट केस, टेस्ट प्लॅन (एका फेरीत काय काय तपासायचे ते), बिल्ड (सॉफ्टवेअरची तपासायची आवृत्ती) व प्रत्यक्ष चाचणीचा निकाल या चार गोष्टी ते एकमेकींपासून वेगळ्या ठेवते. दिसायला ते जुन्या वळणाचे आहे, पण आमच्या पतसंस्थांची संगणकप्रणालीही काही कालपरवाची नव्हे, तेव्हा त्याचे कोणाला वावगे वाटले नाही. आमच्या आवृत्तीत टेस्ट केस आत घ्यायचे तर ते एक्सएमएल फाइलमधून, म्हणजे प्रत्येक भागाला नावाची खूण लावलेल्या मजकुराच्या फाइलमधून, द्यावे लागत. एक्सेलमधून एक्सएमएल काढायचे, फाइल अपलोड करायची, झाले. बैठकीत मी हे काम दोन दिवसांचे म्हणून सांगितले होते. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातला खुद्द टेस्टलिंकशी झगडण्यात गेलेला काळ फारच थोडा होता.

वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टीत. एक्सेलचे शीट आपण डोळ्यांनी वाचतो. रंग, रिकामी जागा, जाड अक्षर, एकत्र केलेले सेल, शीटचे नाव, एवढेच काय तर ओळींचा क्रमसुद्धा आपल्याला काही तरी सांगत असतो. इम्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रामला मात्र सेलमध्ये जे लिहिले आहे तेवढेच कळते. सहा वर्षांत आमच्या टीमने एकमेकांशी न बोलता जे जे ठरवून टाकले होते, ते सगळे या निमित्ताने अक्षरांत लिहून काढावे लागले, आणि लिहायला बसल्यावर लक्षात आले की प्रत्येकाने ते जरा वेगळे ठरवलेले होते.

सुरुवात पिवळ्या ओळींपासून झाली. पिग्मीचे शीट आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मराठीत लिहिलेले आहे. ते पूर्वी एका पतसंस्थेत लेखनिक होते, पिग्मी एजंट संध्याकाळी रोकड घेऊन आला की काय काय घोटाळे होऊ शकतात हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या शीटमध्ये साठ-सत्तर ओळी पिवळ्या होत्या. मी विचारले, “काका, या पिवळ्या ओळी घ्यायच्या ना?” ते म्हणाले, “छे, पिवळी म्हणजे आता लागू नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.” मी म्हटले, “पण यात काही गडद पिवळ्या आहेत आणि काही फिकट.” त्यावर शीट थोडा वेळ न्याहाळून ते म्हणाले, “फिकट असेल तर मला विचारून घ्या.” कर्जाच्या शीटमध्ये हाच पिवळा रंग ‘महत्त्वाचे, आधी तपासा’ या अर्थाने वापरलेला होता. ते शीट लिहिणारी मुलगी केव्हाच नोकरी सोडून गेली होती. तिला फोन करून खात्री केली, तेव्हा कुठे हे कळले. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या निव्वळ मजकुराची, फाइल काढली की हे सारे रंग जातात, आणि रद्द झालेले केस व सर्वांत महत्त्वाचे केस एकाच पंगतीला येऊन बसतात.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक शीटमध्ये ‘स्थिती’ नावाचा नवा कॉलम टाकणे. एक्सेलमध्ये रंगानुसार फिल्टर लावता येतो. फिल्टर लावायचा, दिसणाऱ्या ओळींसमोर ‘रद्द’, ‘चालू’ किंवा ‘विचारणे’ यांपैकी एक शब्द भरायचा आणि पुढच्या रंगाकडे वळायचे. काही ओळींवर मात्र रंगाऐवजी आडवी रेघ मारलेली होती, आणि त्यावर फिल्टर लागत नाही. ‘शोधा आणि बदला’ या खिडकीत मजकुराऐवजी फॉरमॅट शोधता येतो, त्यामुळे रेघ मारलेले सेल शोधून त्यांना एक ठरावीक रंग देता आला आणि मग तोच फिल्टर पुन्हा वापरला. ज्या सेलमध्ये अर्ध्याच वाक्यावर रेघ होती, त्यांच्यासाठी कोणतीही युक्ती नव्हती. ते हातानेच केले.

दुसरी अडचण एकत्र केलेल्या सेलची होती. एका टेस्ट केसच्या सहा स्टेप असतील तर आम्ही स्टेप सहा ओळींत लिहायचो आणि डावीकडे केसचे नाव सहाही ओळींवर पसरलेल्या एका मोठ्या सेलमध्ये मधोमध लिहायचो. दिसायला ते फार नेटके दिसते. प्रत्यक्षात तो मजकूर फक्त सर्वांत वरच्या सेलमध्ये असतो आणि खालचे पाच सेल रिकामे असतात, म्हणजे प्रोग्रामच्या लेखी त्या पाच स्टेप बेवारस. यावर उपाय जुना आहे: सेल सुटे करायचे, तो कॉलम निवडायचा, कंट्रोल आणि जी दाबून ‘स्पेशल’मधून केवळ रिकामे सेल निवडायचे, बरोबरचे चिन्ह टाइप करून वरच्या बाणाची कळ दाबायची आणि कंट्रोल धरून एंटर करायचे. एका झटक्यात प्रत्येक रिकामा सेल आपल्या वरच्या सेलचा मजकूर घेतो. त्यानंतर कॉपी करून तो कॉलम निव्वळ मूल्य म्हणून पेस्ट करायला विसरायचे नाही, कारण ते सगळे फॉर्म्युले असतात आणि पुढे शीट सॉर्ट केले की नावांची खिचडी होते. ही युक्ती केवळ मॉड्यूल आणि केसचे नाव या कॉलमांवर करायची. उत्साहाच्या भरात मी ती अपेक्षित निकालाच्या कॉलमवरही केली होती, आणि तिथे रिकाम्या सेलचा अर्थ ‘वरच्यासारखेच’ असा नसून ‘या स्टेपला वेगळा निकाल नाही’ असा होता. ‘ओके बटण दाबा’ या साध्या स्टेपसमोर ‘खात्यात व्याज जमा झालेले दिसावे’ असे वाचले, तेव्हा चूक उमगली.

सीएसव्हीचा मार्ग मी दोन दिवसांतच सोडला, आणि त्याचे कारण मराठी होते. एक्सेलमध्ये सीएसव्ही म्हणून जतन करण्याचे एकाहून अधिक पर्याय असतात. त्यांतला साधा पर्याय निवडला की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि ती प्रश्नचिन्हे फाइल पुन्हा उघडल्यावर परत अक्षरे होत नाहीत. मूळ फाइल हाताशी नसेल तर मजकूर कायमचा गेला. यूटीएफ-८ असे नाव असलेला पर्याय घेतला तर मराठी टिकते, पण एक्सेल त्या फाइलच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण ठेवते. माझा प्रोग्राम ‘मॉड्यूल’ नावाचा कॉलम शोधत होता, फाइलमध्ये पहिल्या कॉलमचे नाव ‘मॉड्यूल’ असेच दिसत होते, आणि तरी कॉलम सापडत नाही म्हणून तो थांबत होता. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत या खुणेची दखल घेऊन वाचण्याची वेगळी सोय आहे, तिने तो प्रश्न सुटतो. परंतु सीएसव्हीमध्ये एका वेळी एकच शीट जाते आणि रंगही जातात, हे सगळे पाहता शेवटी पायथनची ओपनपायएक्सएल ही लायब्ररी घेऊन एक्सेलची फाइल थेट वाचणेच सोयीचे ठरले. तिच्यातून सेलचा रंग आणि अक्षरांवरची रेघसुद्धा वाचता येते, हे मला वरचे सगळे फिल्टर हाताने लावून झाल्यावर कळले.

मराठीची दुसरी गंमत कऱ्हाडची. आमच्या नमुना डेटामध्ये शाखांची नावे आहेत आणि त्यांत कऱ्हाड शाखा बऱ्याच ठिकाणी येते. ‘ऱ्ह’मधला तो पापणीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वेब पानांवरून आणि ईमेलमधून चिकटवलेल्या मजकुरात नाना अदृश्य चिन्हे येतात म्हणून मी सगळी अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकणारी एक ओळ प्रोग्राममध्ये लिहिली होती. तिने इमानेइतबारे ते जोडचिन्हही काढले आणि अर्ध्या ठिकाणी कऱ्हाडचे ‘कर्हाड’ झाले, म्हणजे पापणीची रफार होऊन ती ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसली. ती ओळ बदलून आता फक्त ठरावीक चिन्हे काढतो. त्यांत मुख्य म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. एक्सेलचे ‘ट्रिम’ हे फंक्शन साधी मोकळी जागा काढते पण हिला हात लावत नाही, आणि तिच्यामुळे ‘उच्च’ आणि ‘उच्च’ हे दोन शब्द प्रोग्रामला वेगळे वाटतात.

आता एक्सेलच्या आगाऊपणाविषयी. केसच्या टिपणात कोणी तरी ‘स्टेप ३ ते ४ पुन्हा करा’ या अर्थाने नुसतेच ३-४ लिहिले होते. एक्सेलने त्याची ३ एप्रिल केली. ती नोंद २०२४ मध्ये लिहिलेली होती; कोणी तरी ती दुरुस्त करावी म्हणून सेलचा प्रकार बदलून मजकूर केला आणि तिथे ४५३८५ हा आकडा आला, कारण एक्सेल तारखा दिवसांच्या संख्येत साठवते. तो आकडा पुढची दीड वर्षे तसाच होता आणि प्रत्येक टेस्टर तो बहुधा एखादा खाते क्रमांक असावा असे समजून पुढे जात होता. ई नावाच्या उपविभागातले केस क्रमांक १ई०५ अशा पद्धतीने दिलेले होते, अर्थात इंग्रजी ई घेऊन. एक्सेलने त्याला दहाच्या घातातली संख्या समजून एक लाख करून टाकले. जीवशास्त्रज्ञांचाही याच बाबतीत छळ झाला आहे. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी नावे असलेल्या जनुकांच्या एक्सेलमध्ये सर्रास तारखा होत. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय २०२३ मध्ये आली, म्हणजे शास्त्रज्ञांनी नावे बदलल्यानंतर. आधीच बदलून गेलेले त्या सोयीने परत येत नसल्याने आम्हाला तिचा उपयोग नव्हता.

सर्वांत वाईट नुकसान मात्र खाते क्रमांकांचे झाले होते. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टाइप केला की सोळावा अंक शून्य होतो, आणि तो टाइप केला त्याच क्षणी होतो. शीटमध्ये चाळीसेक क्रमांक शून्याने संपत होते. इतक्या खात्यांचा शेवट शून्यानेच व्हावा हा योगायोग कोणाच्याच डोळ्यांत कसा भरला नाही, याचे मला अजून नवल वाटते. बहुधा टेस्टर तो क्रमांक टाकून ‘खाते सापडले नाही’ असा संदेश आला की डेटा बदलला असेल म्हणून दुसरे खाते घेत असावेत. गेलेला अंक एक्सेलमधून परत मिळवता येत नाही. चाचणीच्या डेटाबेसमध्ये पहिले पंधरा अंक जुळणारी खाती शोधून त्यांतल्या बहुतेकांचा पत्ता लागला. ज्यांच्या सुरुवातीची शून्ये उडाली होती ते क्रमांक त्यामानाने सोपे होते, कारण अंकांची एकूण संख्या ठरलेली असल्यामुळे किती शून्ये जोडायची हे ठाऊक होते.

इतके झाल्यावर एक्सएमएल तयार करणे हे खरे तर सरळ काम होते. टेस्ट सूटच्या, म्हणजे केसच्या गटाच्या, आत टेस्ट केस, केसच्या आत सारांश, पूर्वअटी, महत्त्व आणि स्टेपची यादी, प्रत्येक स्टेपला क्रमांक, कृती आणि अपेक्षित निकाल, अशी ती उतरंड आहे. आधी हाताने दोन-तीन केस टेस्टलिंकमध्ये लिहावेत, ते एक्सपोर्ट करावेत आणि निघालेली फाइल साचा म्हणून वापरावी; कागदपत्रे वाचत बसण्यापेक्षा हे लवकर होते. अपलोडच्या फाइलला टेस्टलिंक मूळ सेटिंगनुसार ४०० केबीची मर्यादा घालते. ती सेटिंगमध्ये वाढवता येते, पण मी वाढवली नाही आणि प्रत्येक शीटची वेगळी फाइल केली, कारण काही बिघडले तर एकच सूट पुसून पुन्हा घेता येतो.

‘महत्त्व’ या कॉलममध्ये एक छुपा खड्डा होता. आमच्याकडे पी१ म्हणजे सर्वांत तातडीचे आणि पी३ म्हणजे सवडीने करायचे. टेस्टलिंकमध्ये ३ म्हणजे जास्त महत्त्व आणि १ म्हणजे कमी. पहिल्या खेपेला मी ‘पी’ काढून टाकून आकडा तसाच पाठवला होता, त्यामुळे ‘कर्जखाते बंद केल्यावर थकबाकी शिल्लक राहत नाही’ हा केस सर्वांत बिनमहत्त्वाचा ठरला आणि ‘अहवालाच्या शीर्षकाचा फॉन्ट’ हा अव्वल आला. कुठेही कसलीही सूचना आली नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते, कारण दोन्ही बाजूंना १, २ आणि ३ हे वैध आकडे आहेत.

केसच्या नावाला टेस्टलिंकमध्ये शंभर अक्षरांची मर्यादा आहे. काकांच्या शीटमधली नावे म्हणजे पूर्ण वाक्ये, किंबहुना छोटे परिच्छेद: ‘एजंटाने दिवसाची वसुली संध्याकाळी सहानंतर भरल्यास ती त्याच दिवशीच्या तारखेला जमा न होता पुढील कामाच्या दिवशी जमा होते का ते पाहणे’. त्यातही मराठीत काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘कऱ्हाड’ हा आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द यंत्राच्या हिशेबात सहाचा होतो. नाव लांब असेल तर टेस्टलिंक ते कापते. यंत्राने कापलेली नावे वाचवत नव्हती, म्हणून काकांबरोबर बसून सव्वादोनशे नावे आम्ही नव्याने लिहिली आणि मूळ वाक्य सारांशात ठेवले. काकांना ते फारसे पसंत नव्हते. ‘सहानंतरची वसुली: जमा तारीख’ हे नाव वाचून ते म्हणाले, “हे काय, पेपरातल्या मथळ्यासारखे झाले.”

यानंतरची चूक निखालस माझी. रंगीत तालीम म्हणून लॉकरचे शीट घेतले, त्यात अडतीस केस होते. इम्पोर्ट करताना टेस्टलिंक विचारते की आधीचा केस आणि नवा केस एकच आहे हे कशावरून ओळखायचे, आणि तसा सापडला तर काय करायचे: जुना अद्ययावत करायचा, त्याची नवी आवृत्ती काढायची की वेगळा नवा केस तयार करायचा. मी नावावरून ओळख आणि सापडल्यास अद्ययावत, असे निवडले, कारण चुकून दोनदा इम्पोर्ट झाले तर प्रती वाढू नयेत. काम विनातक्रार पार पडले, आणि डाव्या बाजूच्या झाडात लॉकरखाली एकोणतीस केस दिसले. उदाहरणार्थ, ‘सेव्ह बटण तपासणे’ या नावाचे केस त्या एका शीटमध्ये पाच होते. एक लॉकर वाटपाच्या पडद्यावरचा, एक भाडेवसुलीचा, एक किल्ली हस्तांतराचा, असे. शीटमध्ये प्रत्येक केस आपापल्या उपशीर्षकाखाली असल्यामुळे वाचणाऱ्याला कसलाही गोंधळ नव्हता. टेस्टलिंकने पहिला घेतला, दुसरा आल्यावर त्याच नावाचा केस आहे म्हणून पहिल्यावर दुसऱ्याचा मजकूर चढवला, मग तिसऱ्याचा, आणि शेवटी पाचव्याचा तेवढा उरला. मी जे सांगितले होते तेच त्याने केले. नंतर उपशीर्षकांचे उपसूट केले, आणि तरीही एकाच सूटमध्ये दोन सारखी नावे आली तर एक्सएमएल न काढता थांबायचे, अशी अट प्रोग्राममध्ये घातली.

यातून संख्या जुळवण्याची सवय लागली. प्रत्येक शीटसाठी मी तीन आकडे लिहून ठेवत असे: केस किती, एकूण स्टेप किती, आणि अपेक्षित निकाल रिकामा असलेल्या स्टेप किती. इम्पोर्ट झाल्यावर तोच सूट टेस्टलिंकमधून परत एक्सपोर्ट करून, त्या फाइलवरून हे तीन आकडे पुन्हा मोजायचे. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेली नाही, कारण मधल्या एका टप्प्यावर एक्सेलचा जुना फाइलप्रकार वापरला जात होता, त्यात ६५,५३६ ओळींपुढे काही मावत नाही, आणि उरलेला मजकूर गुपचूप गळला. आमच्या ओळी तेवढ्या नव्हत्या, पण गळती गुपचूपच होते, हे लॉकरने दाखवून दिले होते.

आकडे जुळले म्हणजे मजकूर जुळला असे नव्हे. हे काकांनी दाखवले. मी त्यांना त्यांच्या शीटमधले कोणतेही दहा केस टेस्टलिंकमध्ये उघडून वाचायला सांगितले होते, ते वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “मोबाइलवर आलेला टाका, म्हणजे काय टाका?” मूळ शीटमध्ये वाक्य बरोबर होते. ओटीपी हा शब्द इंग्रजी अक्षरांत आणि दोन्ही बाजूंना कोनी कंस घालून लिहिलेला होता, कारण जे बदलते ते कोनी कंसात लिहायचे अशी आमची पद्धत आहे. एक्सएमएलमध्ये हे कंस अडचणीचे असतात म्हणून मी सगळा मजकूर सीडेटाच्या वेष्टनात गुंडाळला होता, आणि त्यामुळे एक्सएमएल वाचणाऱ्याने तो निमूटपणे जसाच्या तसा घेतला होता. पण टेस्टलिंक स्टेपचा मजकूर एचटीएमएल, म्हणजे वेब पानाची भाषा, म्हणून दाखवते. ब्राउझरला कोनी कंसातला इंग्रजी शब्द दिसला की तो त्याला टॅग, म्हणजे मांडणीची खूण, समजतो, आणि अनोळखी टॅग असेल तर काहीच दाखवत नाही. डेटाबेसमध्ये शब्द होता, एक्सपोर्टमध्ये होता, माझ्या मोजणीत होता. फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्याच कारणाने सेलमध्ये आल्ट धरून एंटर करून पाडलेल्या ओळीही सपाट होऊन एका लांबलचक ओळीत आल्या होत्या. तेव्हा वेष्टनाच्या आत घालण्याआधी कोनी कंस आणि अँडचे चिन्ह एचटीएमएलच्या पद्धतीने बदलायचे आणि नवी ओळ असेल तिथे ओळ मोडणारा टॅग घालायचा, अशा दोन पायऱ्या वाढवून चौदाही सूट पुन्हा घेतले.

निकालांचा इतिहास आम्ही आणला नाही. शीटच्या उजवीकडे सहा वर्षांच्या प्रत्येक फेरीचे ‘पास’ आणि ‘फेल’ यांचे कॉलम होते, आणि ते टाकून देणे काहींच्या जिवावर आले. पण टेस्टलिंकमध्ये निकाल केसचा नसतो, एका प्लॅनमधल्या एका बिल्डवरचा असतो. त्या जुन्या फेऱ्यांपैकी बऱ्याच कोणत्या बिल्डवर झाल्या हे कोणालाच सांगता येईना. खोटी बिल्ड तयार करून त्यांत निकाल कोंबण्यापेक्षा जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवणे मला जास्त प्रामाणिक वाटले. एक गोष्ट मात्र आवर्जून आणली. आमच्या जुन्या बगच्या नोंदींमध्ये ‘ठेवी शीट, ओळ २१४ पाहा’ असे उल्लेख शेकड्यांनी आहेत. म्हणून साफसफाई सुरू करण्यापूर्वी, एकही ओळ हलवण्याआधी, प्रत्येक ओळीचा मूळ क्रमांक एका कॉलममध्ये गोठवला होता आणि तो आता प्रत्येक केसच्या सारांशात शेवटी ‘जुनी नोंद’ म्हणून दिसतो.

फिकट पिवळ्या ओळींपैकी अकरा ‘विचारणे’ या नावाच्या वेगळ्या सूटमध्ये ठेवल्या होत्या. पिग्मीच्या मुदतपूर्व परताव्यावरच्या दोन ओळींचा निकाल काकांनी परवा लावला; एक चालू, एक रद्द. उरलेल्या नऊ ओळी व्याजदराच्या जुन्या नियमावर आहेत, आणि तो नियम आजही पाळणाऱ्या दोन पतसंस्थांकडून उत्तर यायचे आहे.